कमानीच्या आतला कायदा

ता. २८ मे

साडूभाऊ, नमस्कार.

पत्राला एवढा उशीर केला म्हणून रागावू नका. घडलं एप्रिलच्या शेवटी आणि सांगतोय आता, हे मलाही दिसतं आहे. पण धाकटीला कळलं तर ती मिळेल त्या गाडीत बसून येणार, आणि दोघी बहिणी गळ्यात गळा घालून रडणार, आणि मी पाणी देत फिरणार. म्हणून थांबलो. फोन करायचा विचार केला होता. पण फोनवर तुम्ही मधेच बोलता, मग माझा धागा तुटतो. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही.

तुमची ताई, म्हणजे आमची ही, पडली. घाबरू नका, घोट्याचं हाड आहे, प्लॅस्टर घातलं आहे. डॉक्टर म्हणतात जुळेल. जुळणार नाही असं कुठला डॉक्टर म्हणतो? रात्री ती कुशीवर वळली तरी मला जाग येते.

झालं ते असं. आमच्या सोसायटीची कमान तुम्ही पाहिली आहे. राजवाड्याला नसेल एवढी मोठी, आणि आत राहणारे एकमेकांच्या दारातली चप्पल पायाने सरकवणारे. त्या कमानीतून आत आलं की रस्ता बागेला वळसा घालून मागे दुकानांकडे जातो. तिथे दातांचा डॉक्टर आहे, किराणा आहे आणि ती व्यायामवाली बाई आहे, जिच्याकडे तुमच्या ताईला गुडघ्यासाठी जावं लागतं. आमची इमारत या टोकाला, बाई त्या टोकाला. म्हणून मी तिला स्कूटरवर मागे बसवून नेतो. माझे डोळे तपासल्यावर लायसन काही पुन्हा करून दिलं नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. पण मी कमानीच्या बाहेर गाडी काढतच नाही, आणि आत लायसन लागत नाही. इथे सगळ्यांचंच तसं चालतं.

रस्त्यावर बाण काढले आहेत, एकाच दिशेने जायचे. दुकानांसमोरच्या पार्किंगमधून अध्यक्षांचा जावई गाडी मागे घेत आला. उलटा. बाणाच्या विरुद्ध, फोन कानाला, काचा वर. मी हॉर्न दिला, ओरडलो, तरी त्याने धडक दिलीच. मी सायकलपेक्षा हळू चालवतो, म्हणून तर वाचलो. मागे बसलेली ती मात्र खाली, आणि पाय स्कूटरच्या खाली.

जावई उतरला. त्याने आधी काय पाहिलं असेल? स्वतःच्या गाडीचा बंपर. त्यावरून बोट फिरवलं, मग म्हणाला, “आजी, तुम्हाला लागलं का?” जमिनीवर पडलेल्या बाईला विचारतो, लागलं का!

मी चौकीवर गेलो. तिथले जमादार पंख्याखाली बसले होते. म्हणाले, “आजोबा, तो रस्ता खासगी. कमानीच्या आत वाहतुकीचा कायदा लागत नाही. आपसांत मिटवा.” मला काय कळतं? मी जन्मभर पंक्चर काढली, चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही. पण तुम्ही वाहतूक खात्यात हवालदार होतात. कमान बांधली की कायदा बाहेर उभा राहतो, हे खरं आहे का?

तुमचा साडू

ता. ६ जून

साडूभाऊ,

तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि तेवढंच चुकलं. धाकटी अजून माझ्याशी बोलत नाही, जसं काही मीच गाडी मागे घेतली. बॅग भरून दाराशी ठेवली आहे. तिला थोपवून धरलं आहे, किती दिवस जमेल सांगता येत नाही.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या जमादाराला शिव्या घालायला मी लेखणी उचलली आणि खाली ठेवली. कारण नोकरीत मीसुद्धा हेच सांगत आलो. आमच्याकडे रीतच होती: कुठलंही फाटक आलं की शिट्टी खिशात. आत साहेब लोक राहतात, त्यांच्या अंगणात कोण हात घालणार? कुणी तक्रार घेऊन आलं की ‘खासगी जागा’ म्हणायचं आणि चहा मागवायचा. कायद्यात काय लिहिलं आहे ते कोणी उघडून पाहिलं नव्हतं. शिट्टी अजून खुंटीला लटकली आहे, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून माझ्याकडे बघते आहे असं वाटतं.

म्हणून इथल्या एका फौजदाराला जाऊन विचारलं, माझ्या हाताखाली शिकलेला आहे. तो म्हणाला, डांबर कोणी ओतलं याला महत्त्व नाही, त्यावर कोण येतं जातं याला आहे. बंगल्याच्या आवारात मालक आणि त्याचा कुत्रा, एवढेच फिरत असतील तर गोष्ट वेगळी. पण जिथे दातांचे पेशंट, किराण्याचे गिऱ्हाईक, पाव टाकणारा, पार्सलवाला अशी सगळी दुनिया न विचारता येते, तो रस्ता लोकांचाच धरतात. मग मालकी कोणाचीही असो.

तेव्हा अर्ज लिहायला हरकत नाही. मात्र चौकीवर देण्याआधी मला पाठवा. विसरू नका. एक ओळ मला नीट बघायची आहे. कोणती ते आत्ताच सांगत नाही, तुम्हाला रात्रभर झोप लागायची नाही.

हवालदार

ता. १९ जून

हवालदारसाहेब,

तुमचं पत्र आलं आणि बरेच दिवसांनी भूक लागली. खुर्ची खिडकीशी नेली आणि बघत बसलो. सकाळपासून कमानीतून कोण आत येत नाही? दात धरून माणसं येतात. पलीकडच्या शाळेची मुलं जवळचा रस्ता म्हणून आतून पळतात. परवा एक ट्रक वाट चुकून आला, बागेला दोनदा फेरी मारून गेला, आणि वॉचमनने त्याला येताना जाताना सलाम ठोकला. वॉचमनला शिकवलंच तसं आहे. चाकावर असेल त्याला सलाम, पायी असेल त्याला “कुठे निघालात?”

मग समितीची सभा झाली. मलाही बोलावलं, म्हणजे सूचना फलकावर होती आणि मी गेलो. अध्यक्ष बोलताना डोळे मिटतात, आपलंच बोलणं चाखत असल्यासारखे. म्हणाले, “हा रस्ता आपल्या घरचा आहे. आपल्या घरात आपण कसं वागायचं, ते पोलीस सांगणार का?”

मी म्हणालो, “घरचा आहे ना? मग चपला काढून चाला.”

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. इथे हसायलाही अध्यक्षांची परवानगी लागते. मग तिसऱ्या मजल्यावरचे वकील उठले. त्यांना मी आजवर कोर्टात जाताना पाहिलं नाही, पण कोट रोज वाळत असतो. म्हणाले, “आजोबा, सुशिक्षितांच्या वस्तीत कायद्यापेक्षा समजूतदारपणा महत्त्वाचा.”

“त्याच समजूतदारपणाने माझ्या बायकोचा घोटा मोडला,” मी म्हणालो, “अजून थोडा समजूतदारपणा असता तर मी आज एकटाच राहिलो असतो.”

यावर त्यांनी ठराव काय केला? पार्किंगमध्ये पांढरे पट्टे मारायचे, ‘सावकाश’ अशी पाटी लावायची, आणि ज्येष्ठांनी दुचाकी चालवू नये अशी नम्र विनंती. गाडी त्यांची उलटी येणार आणि विनंती मला! आमची पंक्चरच्या दुकानातली पोरं यांच्यापेक्षा शहाणी होती. खिळा कोणी टाकला ते तरी आधी बघायची.

मला राहवलं नाही. त्याच संध्याकाळी अर्ज लिहून काढला. किराण्याच्या मुलीकडून शुद्ध करून घेतला. सगळं खरं खरं लिहिलं: मी स्कूटर चालवत होतो, बायको मागे बसली होती, मी बाणाच्या दिशेने आणि तो बाणाच्या विरुद्ध, आणि हा रस्ता लोकांचा आहे. सही करून चौकीवर दिला. तुम्हाला दाखवायचा होता, पण टपालाला वेळ लागतो आणि माझा राग तेवढा टिकला नसता.

तुमची ताई म्हणाली, “कशाला?” मी म्हणालो, तू पड शांत.

तुमचा साडू

ता. २६ जून

साडूभाऊ,

दाखवा म्हटलं होतं ना? एवढं एकच सांगितलं होतं!

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. अहो, रस्ता लोकांचा ठरला तर त्यावर स्कूटर चालवायला लायसन नको का? तुमच्याकडे आहे? सभेत तुम्ही त्या लोकांना म्हणता, कमानीच्या आतही कायदा आहे. आणि स्वतः रोज कमानीच्या आत कायदा नाही म्हणून किक मारता. दोन्ही कसं खरं असेल? रस्ता खासगी ठरला तर जावई सुटतो. रस्ता लोकांचा ठरला तर जावई सापडतो, आणि त्याच्या शेजारी तुम्ही. वर त्याचा वकील म्हणणार, ज्याला दिसत नाही म्हणून लायसन दिलं नाही, त्याच्या मागे बसून बाई पडल्या, यात आमच्या माणसाचा काय दोष?

हीच ती ओळ. मी तुमची झोप वाचवायला गेलो आणि माझी गेली.

आणि स्कूटर जप्त झाली तर प्लॅस्टर निघाल्यावर ताई त्या व्यायामवालीकडे जाणार कशी? तुमच्या खांद्यावर बसून?

अजून एक वाट आहे. जुना अर्ज मागे घ्या, घाईत चूक झाली म्हणा. नवा द्या, त्यात ताई पायी होती आणि तुम्ही शेजारून चालत होतात असं लिहा. तिथे कोण होतं बघायला? जावई तर फोनवर होता, त्यालाही आठवणार नाही. नोकरीत असे पुष्कळ कागद मी स्वतः सरळ केले आहेत. आभाळ कोसळलं नाही.

धाकटीला यातलं काही वाचून दाखवलेलं नाही. तुम्हीही कळवू नका.

हवालदार

ता. ८ जुलै

साडूभाऊ,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुमचाच राग आला. मग स्वतःचा आला. आता कोणाचा येतोय ते कळत नाही.

चौकीवरच्या त्या जमादाराने माझ्या अर्जाची नक्कल सरळ अध्यक्षांच्या हातात दिली. काल संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. आम्ही इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदा. मुलाने हा फ्लॅट घेतला तेव्हा याच माणसाने विचारलं होतं, “तुमचे वडील हाताने काम करायचे का?” जसं काही बाकीचे नाकाने करतात. काल मात्र गोड. खुर्चीच्या काठावर टेकले, ताईच्या प्लॅस्टरकडे बघून मान हलवली.

म्हणाले, “आजोबा, तुमच्याकडे लायसन नाही.”

मी खिडकीतून कमानीकडे पाहिलं.

“माझ्या जावयाची चूक झाली. तुमचीही होते आहे, रोज होते आहे. कमान आहे म्हणून दोघंही सुखी आहेत. तुम्ही अर्ज मागे घ्या. रस्ता आपला आपल्याकडे राहील. तुमची स्कूटर तुमच्याकडे, त्याची गाडी त्याच्याकडे. मी समितीला सांगतो, तुम्हाला कोणी अडवणार नाही.”

मला त्या माणसाची किळस आली, आणि त्याच्या बोलण्यात खोट सापडेना, याची जास्त किळस आली.

ते गेल्यावर मी ताईला म्हणालो, “बघ आता.” ती भिंतीकडे तोंड करून पडली.

आणखी ऐका. रस्ता खासगी आहे हे दिसावं म्हणून त्यांनी कमानीत आडवा दांडा बसवला आहे. शाळेची मुलं परत फिरतात, मोठ्या रस्त्याने वळसा घालून जातात आणि जाताना माझ्या खिडकीकडे बघतात. दातांचा डॉक्टर मला बघून न बघितल्यासारखं करतो. सगळ्यांना वाटतं हे मी केलं. फक्त गाड्यांना काही त्रास नाही. वॉचमनचा हात सलामाला गेला की दुसरा हात आपोआप दांडा उचलतो. यांचं तेच: पायी माणूस म्हणजे संशय, चाकावरचा म्हणजे साहेब.

तुमच्या सांगण्यासारखं खोटं लिहू? की अध्यक्षांचं ऐकू? उरलेली तिसरी वाट म्हणजे मीच मला पकडून द्यायचं. काय करू ते लवकर लिहा. मला जेवण जात नाही.

तुमचा साडू

ता. १४ जुलै

साडूभाऊ,

अध्यक्षांचं ऐका. माणूस नालायक आहे, पण सौदा वाईट नाही. मी इतकी वर्षं चौकात उभा राहिलो, त्यातून एवढंच शिकलो, की मोठी गाडी आणि लहान गाडी दोन्ही चुकल्या की शेवटी लहानच उचलून नेतात. अर्ज मागे घ्या, स्कूटर वाचवा, ताईला व्यायामाला न्या. जावई आज ना उद्या दुसरीकडे आपटेल.

हवालदार

भाऊजी, खालच्या ओळी माझ्या आहेत. पाकीट चिकटवायच्या आधी मी सगळी पत्रं काढून वाचली. कोणती कुठे लपवलेली असतात ते मला ठाऊक आहे.

तुम्ही दोघे साडू किती दिवस लिहिताय: स्कूटर, लायसन, जावई, अध्यक्ष. यात माझी बहीण कुठे आहे? पाय तिचा मोडला ना? की तोही कोणाच्या मालकीचा आहे ते आधी ठरवायचं आहे? तिने “कशाला” विचारलं तर म्हणे, तू पड शांत. “बघ आता” म्हणून तिच्या अंगावर टाकलं, पण तिला काय हवं ते एकाने तरी विचारलं का? आधी तिला विचारा, मग ह्यांना लिहा. आणि ती पायी होती असं खोटं लिहिलंत तर मी स्वतः येऊन चौकीत खरं सांगेन. बॅग भरलेलीच आहे.

ता. ११ सप्टेंबर

साडूभाऊ आणि धाकटी, दोघांना नमस्कार.

पुन्हा उशीर झाला. यावेळी घाबरून नव्हे, धावपळीत.

धाकटीचं पत्र आलं त्या रात्री मी ताईला विचारलं. उशी नीट करून, शेजारी बसून विचारलं, तुला काय हवं? मला वाटलं होतं, म्हणेल मिटवा. किंवा म्हणेल, त्याला आत टाका.

ती म्हणाली, “तुम्ही सगळे गाडीत बसून बोलता. मला बसायचंच नाही आता कशावर. हे निघालं की मी चालत जाणार, काठी घेऊन, कितीही वेळ लागू दे. मी रस्ता ओलांडायला लागले की गाडी थांबली पाहिजे. दया म्हणून नको, अध्यक्षांच्या ओळखीने नको. थांबावंच लागतं म्हणून थांबली पाहिजे. तेवढं होतंय का बघा.”

मग मी स्कूटर ढकलत, किक न मारता, चौकीवर गेलो. जमादाराला म्हणालो, अर्जात एक ओळ राहिली, लिहून घ्या: माझ्याकडे लायसन नाही. तो हसला. “आजोबा, कमानीच्या आत चालतं.” मी म्हणालो, “चालत नाही, हेच तर सांगतोय मघापासून.” त्याने आत जाऊन नव्या फौजदार बाईंना बोलावलं, म्हातारा वेडा झालाय म्हणून दाखवायला. बाईंनी खुर्ची दिली, सगळं ऐकलं, आणि फक्त विचारलं, “तिथे कोणालाही आत जाता येतं?”

मी म्हणालो, “पायी जाऊ नका. गाडीतून जा.”

दोन दिवसांनी त्या साध्या कपड्यात, भाड्याच्या गाडीतून आल्या. वॉचमनने सलाम केला, दांडा वर गेला. कोण, कुठे, कशाला, एक शब्द नाही. बागेला वळसा घातला, दुकानांसमोर गाडी लावली ती नेमकी अध्यक्षांच्या जागेवर. किराण्यातून साबण घेतला. अध्यक्ष खाली आले आणि ओरडले, “ही खासगी जागा आहे, तुम्हाला आत कोणी सोडलं?” बाई म्हणाल्या, “तुमच्याच माणसाने. सलामही केला.” मी खिडकीत होतो. तेवढ्यापुरतं मला अगदी लांबचं स्वच्छ दिसलं.

पहिली पावती माझीच फाडली. स्कूटर चौकीच्या आवारात जप्त आहे. जाताना तिच्या सीटवर कावळा बसलेला दिसतो. जावयावर गुन्हा लिहिला, त्याला कोर्टात जावं लागतं, आणि ते कोटवाले वकील त्याच्याबरोबर जातात, म्हणजे वकीलच होते म्हणायचे. दांडा काढला. शाळेची मुलं परत आतून पळतात. कमानीतले लोक माझ्याशी बोलत नाहीत. म्हणतात, म्हाताऱ्याने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पाडला खरा. पण माझ्याच पायावर पाडला, दुसऱ्याच्या बायकोच्या नव्हे.

प्लॅस्टर निघाल्यावर मागच्या आठवड्यात ती पहिल्यांदा दुकानांपर्यंत चालत निघाली. मी मागे, हात पुढे करून, पडली तर धरावी म्हणून. पार्किंगपाशी ती त्यांनी मारलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर उतरली, आणि समोरून तीच गाडी. जावयाची. या खेपेला बाणाच्या दिशेने.

गाडी थांबली. पट्ट्याच्या बरीच अलीकडे. काचेतून तो आमच्याकडे न बघता समोर बघत होता, कोणी जबरदस्तीने औषध पाजल्यासारखा.

ती निम्म्यावर गेली आणि थांबली. मला वाटलं पाय दुखला. धावलो. तर आमच्या बाईसाहेबांनी काठी माझ्या हातात दिली, चष्मा काढला, पुसायला लागल्या. एक काच. मग दुसरी काच. उजेडात धरून बघितलं. पुन्हा पहिली.

मी कुजबुजलो, “अगं, चल ना.”

ती म्हणाली, “कशाला? रस्ता लोकांचा आहे ना?”

साडूभाऊ, घरी आल्यावर तिने एकच मागणं मागितलं आहे, आणि रोज विचारते आहे. तुमच्या खुंटीवरची ती शिट्टी तिला हवी आहे. कमानीच्या आत कधी वाजली नाही म्हणालात ना? देता का ते लगेच कळवा, आणि धाकटीच्या बॅगेत घालून तिलाच पाठवा. उशीर करू नका. उशीर करायचा मक्ता माझा आहे.

तुमचा साडू